पाणी कुठं जायलंय?

एप्रिल २०२३ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या बेसमेंटचं मागचं दार उघडेना. म्हणजे उघडायचं, पण पाऊण उघडलं की खर्रकन अडायचं. मला वाटलं बिजागरी लोंबली असेल, म्हणून सगळे स्क्रू आवळले, दाराखालची रबरी पट्टी काढून बघितली, कडेला थोडं तेल सोडलं, आणि हे सगळं चालू असताना बायको कॉफीचा मग घेऊन आली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "अरे दार खाली नाही आलंय, फरशी वर आलीये."

खरंच आली होती. आम्ही राहतो मिनियापोलिसच्या एका उपनगरात, आणि घराच्या मागे आधीच्या मालकाने घातलेला बारा बाय चौदा फुटांचा पॅटिओ आहे, ज्याला आम्ही पहिल्या दिवसापासून अंगण म्हणतो. पेव्हर ब्लॉकचं अंगण. चार इंच बाय आठ इंच, विटेच्या आकाराचे, एकेकाळी लालसर असलेले. आता हा पेव्हर ब्लॉक काय प्रकार असतो ते मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात फुटपाथवरच्या नेमक्या सैल ब्लॉकवर पाय पडतो आणि खालून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पँटच्या आतपर्यंत जाते, तोच तो. फक्त इथे तो पावसाने सैल होत नाही, हिवाळ्याने होतो.

घराला लागून असलेले ब्लॉक जवळजवळ जागच्या जागी होते. तिथून बाहेर जावं तसतसं अंगण चढत गेलेलं, मधे एक चांगलं टेंगूळ, आणि बाहेरची कड दीडेक इंच वर. म्हणजे जे अंगण घरापासून बाहेर उतरायला हवं ते आता घराकडे उतरत होतं, आणि वितळणाऱ्या बर्फाचं सगळं पाणी अगदी शिस्तीत रांग लावून आमच्या दाराशी येत होतं. आतलं कार्पेट हाताला ओलं लागलं आणि तो कुबट वास, तो एकदा नाकात बसला की बसला.

खरं सांगायचं तर हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. दर वर्षी वसंतात दोन-चार ब्लॉक डुगडुगायचे आणि मी दर वर्षी तेच करायचो, जो ब्लॉक खाली गेलाय असं दिसेल तो पेचकसाने उचकटायचा, खाली दोन मुठी वाळू घालायची, रबरी हातोडीने ठोकायचा, झालं. यात गंमत अशी की खाली गेलेला म्हणून मी जो उचलत होतो तोच बिचारा जागेवर होता, चढलेले बाकीचे होते. आपण वर्षानुवर्षं बरोबर बसलेल्याला उचलून चुकलेल्यांच्या लेव्हलला नेत होतो हे कळल्यावर दोन मिनिटं खुर्चीत गप्प बसलो.

त्या रात्री, म्हणजे तिकडे सकाळ होती, अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा परभणीत असतात. पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, नोकरीतली बरीच वर्षं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. त्यांना फोन फिरवून फिरवून सगळं दाखवलं, म्हटलं एक माणूस बघून गेलाय, ब्लॉक उचलून वाळू टाकून परत बसवतो म्हणाला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मीच करणार आहे या शनिवार-रविवारी. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाला लावला आणि पहिला प्रश्न विचारला.

"पाणी कुठं जायलंय?"

म्हटलं अण्णा, पाण्याचं नंतर, हे थंडीने झालंय, इथे जमीन गोठते, गोठलं की पाणी फुगतं आणि फरशी वर येते. ते म्हणाले, "ते झालं. पण पाणी कुठून यायलंय आन् कुठं जायलंय?" आणि वर ताकीद, आत्ता हात लावू नकोस, आधी रेघ मार.

रेघ मार म्हणजे काय ते मला लगेच कळलं. आमचं परभणीचं घर काळ्या मातीवर आहे. काळी माती म्हणजे उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, आणि तिच्यावर उभं असलेलं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली एक भेग होती. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहायचं आणि श्रावणात नखसुद्धा शिरायचं नाही. अण्णा गव्हाच्या खळीने त्या भेगेवर कागदाची चिठ्ठी आडवी चिकटवायचे, त्यावर तारीख लिहून. चिठ्ठी फाटली तर भिंत हलली. आम्हा पोरांना शाळेतून आलं की आधी चिठ्ठी बघायची सवय लागलेली, आणि आई चिडायची की पाहुणे येतात आणि भिंतीला काय हे बँडेज. शेवटी अण्णांनी ती भेग भिंतीत सोडवलीच नाही. न्हाणीघराचं पाणी एका कोपऱ्यात मुरत होतं, म्हणजे घराचा एक पाय ओला आणि तीन कोरडे. ते पाणी नालीतून लांब काढलं, भिंतीच्या कडेने बाहेर उताराचा कोबा केला, त्यानंतर चिठ्ठ्या फाटायच्या जवळजवळ थांबल्या.

तर मी सुताराची जाड पेन्सिल घेऊन घराच्या काँक्रीटच्या भिंतीवर फरशीच्या उंचीला रेघ मारली. घराचा पाया इथल्या नियमाप्रमाणे फ्रॉस्टच्या, म्हणजे थंडीत जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली गेलेला असतो, मिनेसोटाच्या दक्षिण भागात बेचाळीस इंच आणि उत्तरेला साठ इंच, त्यामुळे घर हलत नाही, अंगण हलतं. भिंतीपासून लांबच्या कडेसाठी एक फळी आडवी धरून माप घेतलं. तारीख लिहिली. आणि हात न लावता थांबलो, जे मला अजिबात जमत नाही.

थांबायचंच आहे तर निदान बघू तरी, म्हणून मधल्या टेंगळावरचे चार ब्लॉक उचलले आणि खालची वाळू बाजूला करून पहारीने माती फोडायला गेलो तर ठण्णकन आवाज आला, हाताला झिणझिण्या. वर दहा अंश सेल्सियस, मी हाफ शर्टात, आणि चार इंचांवर जमीन दगड. थोडं थोडं करत वाटीएवढं ढेकूळ निघालं. ते हातात घेऊन बघितलं आणि बघतच राहिलो. खारीला कसे पापुद्रे असतात तसे मातीचे थर, आणि प्रत्येक दोन थरांच्या मधे बर्फाची एक पातळ काच. काही पोस्टकार्डाएवढ्या जाड, एक तर चांगली रुपयाएवढी. नखाने एक पापुद्रा सोडवला, उजेडात धरला. मातीचा एक कण नाही त्यात, स्वच्छ पारदर्शक. बोटांच्या उबेने वितळून मनगटावरून ओघळला. मी तोपर्यंत धरून चाललो होतो की मातीतलं पाणी जिथल्या तिथे गोठतं आणि फुगतं. तसं असतं तर मातीत सगळीकडे थोडा थोडा बर्फ दिसला असता. इथे तर पाण्याने येऊन, माती बाजूला ढकलून, स्वतःचे वेगळे थर केले होते.

मग रात्री वाचत बसलो, आणि असं वाचायला बसलं की पहाटेचे दोन वाजतात. पाणी गोठल्यावर साधारण नऊ टक्के फुगतं हे खरं, पण फरशी वर येण्याचं मुख्य कारण ते नाहीच. साउथ कॅरोलायना विद्यापीठातले स्टीफन टेबर नावाचे एक भूशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३० च्या सुमारास एक फार भारी प्रयोग केला. मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीसुद्धा ती माती गोठताना वर उचलली गेली! म्हणजे खेळ फुगण्याचा नाहीच, ओढून घेण्याचा आहे. जिथे गोठणं चालू असतं ती पातळी खालच्या न गोठलेल्या मातीतून पाणी वर खेचत राहते, कंदिलाची वात तेल खेचते तसं, आणि आलेलं पाणी त्या थराला चिकटून गोठत जातं. थंडी हळूहळू खाली सरकत असेल आणि खालून पाणी मिळत असेल तर थर जाड होत जातो, होत जातो, आणि वरचं सगळं, ब्लॉक असो की रस्ता, मुकाट्याने उचललं जातं.

यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात, गोठवणारी थंडी, योग्य माती आणि पाणी. माती पण कुठलीही चालत नाही. वाळूत भोकं मोठी, पाणी वर चढतच नाही. एकदम चिकण मातीत पाणी चढायला बघतं पण वाट इतकी बारीक की वेळेत पोचत नाही. मधली जी गाळाची माती असते, पिठासारखी, बोटात चोळली की मऊ लागते, ती या कामात सगळ्यात वाईट. कासाग्रांदे नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात यावरून ढोबळ नियम दिला की ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण तीन टक्क्यांहून जास्त झाले की ती माती थंडीत उचलू शकते. तीन टक्के म्हणजे काहीच नाही हो, शंभर घमेल्यांत तीन घमेली पीठ.

आणि मग माझा स्वतःचा पराक्रम लक्षात आला. २०२२-२३ चा हिवाळा इथे बर्फाचा होता, मिनियापोलिसच्या विमानतळावर त्या मोसमात ९०.३ इंच बर्फाची नोंद झाली, आजवरच्या नोंदींत तिसऱ्या नंबरची. बर्फ म्हणजे गोधडी. ज्या जमिनीवर तो पडून राहतो तिथे थंडी खोलवर जात नाही. आणि मी काय केलं, प्रत्येक वेळी अंगण लख्ख साफ केलं! का तर कोपऱ्यात ग्रिल आहे आणि आमच्याकडे जानेवारीत पण पनीर टिक्का लागतो. म्हणजे सगळं लॉन दोन फूट गोधडी पांघरून झोपलेलं आणि मधे माझं अंगण उघडंबंब, उणे वीसमध्ये. घराच्या कडेला भिंतीतून थोडी ऊब झिरपते म्हणून तिथले ब्लॉक कमी उचलले, बाहेरचे जास्त. उलटा उतार मीच फावड्याने बनवला होता.

उरलं पाणी. ते कुठून येत होतं हे बघायला शास्त्रज्ञ लागला नाही. छपराच्या पन्हाळीचा उभा पाईप अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात उतरतो, त्याला पुढे एक वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी जोडून ती जमिनीखालून लांब नेलेली होती, आणि ती नळी तीन फुटांवर चेपून बंद झालेली. अर्ध्या छपराचं पाणी, किती वर्षं देव जाणे, अंगणाच्या पोटात जात होतं.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत अंगण आपणहून पाऊण इंच खाली आलं. एप्रिलच्या तारखेची रेघ वर आणि फरशी खाली. शनिवार-रविवारच्या उत्साहात मी ते तेव्हाच लेव्हल केलं असतं तर आता पुन्हा खड्डा पडला असता. वरून वितळतं, खाली अजून गोठलेलं असतं, त्यामुळे मधलं पाणी अडकून मातीचा शिरा होतो. इथे वसंतात रस्त्यांवर जड ट्रकना वजनाची बंदी असते, कडेला टनांच्या पाट्या लागतात, त्या पाट्या मी किती वर्षं बघत होतो आणि मला वाटायचं काहीतरी पुलाबिलाचं असेल.

अण्णा मेच्या शेवटी आले. सामानात आईने दिलेली चटणी, कुरडया, आणि अण्णांचा स्वतःचा पितळी ओळंबा. म्हटलं अण्णा, ओळंबा भिंत सरळ उभी आहे का बघायला लागतो, आपण जमिनीचं काम करतोय. म्हणाले, असू दे.

खोदण्याआधी, जमिनीखालून काय काय गेलंय ते कळायला, ८११ ला फोन करावा लागतो, फुकट असतं, निदान दोन कामाचे दिवस आधी. मग माणसं येऊन जमिनीवर रंग मारतात आणि छोटे झेंडे रोवतात, लाल विजेचा, पिवळा गॅसचा, नारिंगी फोन-इंटरनेटचा, निळा पाण्याचा. आमचं मागचं अंगण एकदम जत्रेसारखं दिसायला लागलं. अण्णा प्रत्येक झेंड्यापाशी थांबून अर्थ विचारत होते आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर चहा पिताना म्हणाले, आमच्याकडं कालव्याशेजारी केबल कुठंय ते जेसीबीलाच पहिलं कळायचं. नारिंगी लाइन अंगणाच्या कडेने जात होती, तिथे फक्त हाताने खोदलं आणि बरं झालं, कारण ती अक्षरशः वीतभर खोलीवर निघाली.

बाहेरच्या बाजूचा सहा बाय दहाचा पट्टा काढायचा ठरला. २७० ब्लॉक. पहिला ब्लॉक काढणं हेच काय ते कठीण, दातासारखा बसलेला असतो, दोन पेचकस दोन बाजूंनी घालून थोडं इकडून थोडं तिकडून, तो निघाला की बाकीचे आपले येतात. प्रत्येकी अडीच किलोच्या आसपास. पोरांनी खडूने नंबर घातले, पहिल्या ओळीपर्यंत उत्साह होता, नंतर ब्लॉकवर डायनासोर निघायला लागले. त्या ब्लॉकना काहीही झालेलं नव्हतं, एकही फुटलेला नाही. काँक्रीटचा अखंड स्लॅब असता तर आरपार तडा गेला असता. दगड ठीक होता, खालची जमीन बिघडली होती.

खाली दोन-तीन इंच दगडाची कच, पिठासारखी बारीक, आणि थेट त्याच्याखाली काळी माती. बास. ना खडी, ना मुरूम, ना कापड. कच स्वस्त पडते, पटकन बसते, आणि पाणी धरून ठेवते, म्हणजे फ्रॉस्टला जे पाहिजे ते सगळं ताटात वाढून ठेवलेलं. अण्णा मात्र ती काळी माती बघून एकदम खूश झाले. मुठीत घेतली, दाबली, अंगठ्याने पट्टी ओढून बघितली. "आपलीच दिसायली की." पण पट्टी लगेच तुटली. आपली काळी माती बसाल्टची, चिकण, तिची पट्टी लांब निघते. इथली काळी आहे ती हजारो वर्षांच्या गवताच्या मुळांनी, कुरणाची माती ती. त्यांनी ती परत टाकली, हात झटकले आणि म्हणाले, "रंगावर जाऊ नये." मग कालव्याची गोष्ट निघाली. काळ्या मातीवर कालव्याचं अस्तर घातलं की पाणी सोडल्यावर माती फुगून स्लॅब असेच उचलायचे, उलटायचेसुद्धा. त्यावर आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टींनी उपाय काढला, अस्तर आणि काळी माती यांच्यामधे न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर. अण्णांनी हे मला आयुष्यात शंभर वेळा सांगितलं असेल, पण मी पहिल्यांदा ऐकलं, कारण मी स्वतः खड्ड्यात उभा होतो.

खड्डा साडेनऊ इंचांचा, सगळा हाताने. खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, म्हणजे खडी मातीत घुसत नाही आणि माती वर येत नाही. त्यावर सहा इंच खडी-मुरमाचं मिश्रण, जे इथे क्लास फाइव्ह म्हणून मिळतं. मी आपला सगळं एकदम ओतायला निघालो होतो, अण्णांनी फावडं धरलं. तीन इंच टाक, पाणी मार, धुमस कर, मग पुढचे तीन. धुमस, म्हणजे ठोकून घट्ट बसवणं, हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला. आमची धुमस म्हणजे भाड्याचं प्लेट कॉम्पॅक्टर, चार तासांचं भाडं, पेट्रोलवर चालणारं धूड, सुरू केलं की ते तुम्हाला फिरवतं, तुम्ही त्याला नाही. रात्री जेवताना हातातला चमचा वाटीवर वाजत होता.

इथे मी अण्णांना एक गोष्ट विचारली जी माझ्या डोक्यात घोळत होती. थंडी जर तीन-साडेतीन फूट खाली जाते तर आपल्या सहा इंचांनी काय होणार? कोपऱ्यात ओळंब्याची दोरी गुंडाळत बसलेले अण्णा म्हणाले, काही नाही थांबणार, उचलंल की. पण सगळं मिळून उचलंल आन् सगळं मिळून बसंल. एकटा-दुकटा वर येतो ना, त्याचा त्रास. आणि पाणी काढलंस तर उचलंल तेबी कमी. आता हेच इथल्या पेव्हरवाल्यांच्या मॅन्युअलात चार पानं लिहिलेलं असतं.

उतार हा अण्णांचा प्रांत. मी लेझर लेव्हल आणायला निघालो होतो, त्यांनी दुकानातून पंचवीस फूट पारदर्शक नळी आणायला लावली, त्यात पाणी भरलं, कारण दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, दिसावं म्हणून जिलेबीचा रंग घातला आणि एक टोक माझ्या हातात देऊन दुसरं घेऊन ते लांब गेले. फुटाला दोन सूत ढाळ. म्हणजे दहा फुटांना वीस सूत, अडीच इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे इथल्या टेपवर बरोब्बर आखलेलं असतं, आणि अण्णांना त्याचा फार आनंद झाला, की बघ, अमेरिकेत अजून सुतात चालतं. शेजारचे आजोबा कुंपणावरून दहा मिनिटं ती केशरी नळी बघत होते, शेवटी न राहवून आत आले आणि त्यांनी स्वतः एक टोक धरलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. काम अतिशय व्यवस्थित झालं.

वाळूचा थर एकच इंच, धुतलेली जाडसर काँक्रीटची वाळू. एक इंच जाडीचे दोन पाईप समांतर ठेवायचे, मधे वाळू टाकायची, वरून सरळ फळी ओढायची, पाईप उचलायचे आणि त्यांच्या चरांत वाळू भरायची. मग त्यावर पाय ठेवायचा नाही. हे पोरांना सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सशाच्या पावलांची तिरकी रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत फळी. ब्लॉक बसवणं मात्र सुखाचं काम. अण्णा स्टुलावर बसून नंबर वाचत होते, "एकशेबारा... हा डायनासोर कुठला?" कडेला प्लॅस्टिकची पट्टी, तिला दहा इंची खिळे, वरून परत एकदा धुमस, यावेळी खाली रबरी मॅट घालून.

शेवटची माती मी खाल्ली. फटींमधे पॉलिमरिक वाळू भरतात, पाणी मारलं की ती घट्ट होते. पिशवीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की पाणी मारायच्या आधी ब्लॉकवरची सगळी धूळ झाडून, ब्लोअरने उडवून टाका आणि मग फवारा अगदी हलका मारा. संध्याकाळ झाली होती, आकाशात ढग होते, मला घाई, मी वरवर झाडून सरळ होजपाईप लावला. सकाळी सगळ्या ब्लॉकवर दुधाच्या सायीसारखा करडा पडदा. घासला, व्हिनेगर टाकलं, गरम पाणी टाकलं. अजून आहे. पाहुण्यांना आम्ही सांगतो की मुद्दामच जुना लुक दिलाय.

पन्हाळीचं पाणी आता जाड टणक पाईपमधून लॉनच्या खालच्या टोकाला जातं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात अण्णा छत्री घेऊन त्या टोकाशी जाऊन उभे राहिले. आम्ही आतून हाका मारतोय, वीज चमकतेय, आणि हे पाईपच्या तोंडाकडे बघत उभे, पाणी धो धो आलं तेव्हा हात वर करून मला खूण केली, कालव्यात पाणी सोडल्यावर करत असतील तशी. ऑक्टोबरमध्ये परत गेले. ओळंबा इथेच राहिला, गॅरेजमध्ये, खिळ्याला.

पहिल्या हिवाळ्यात काही कळलंच नाही, कारण २०२३-२४ ला इथे हिवाळा झालाच नाही म्हणायला हरकत नाही, आजवरच्या नोंदींतला सगळ्यात उबदार. डिसेंबरात ख्रिसमसला पाऊस. अण्णा फोनवर म्हणाले, परीक्षाच झाली नाही तर पास काय आन् नापास काय. पुढच्या हिवाळ्यात मात्र नीट थंडी पडली आणि वर बर्फ कमी, म्हणजे गोधडीच नाही. मी अंगणात फावडं फिरवलं नाही, ग्रिल पुढच्या बाजूला नेलं, तरी पोटात थोडं होतंच.

एप्रिलमध्ये भिंतीपाशी गुडघ्यावर बसलो, जुनी रेघ शोधली, फळी आडवी धरली, टेप लावली. तेवढ्यात फोन वाजला, परभणी. हॅलो वगैरे काही नाही.

"चिठ्ठी फाटली का?"

"एका कोपऱ्यात. ग्रिल होतं तिथं. अर्धा सूत."

पलीकडे जरा वेळ शांतता, मागे आईचा कुकर.

"पाणी कुठं जायलंय तिथं?"

मी फोन खिशात टाकला आणि कोपऱ्यात बघायला गेलो.